बियाण्याचा शाळू

मंगलवैनींच्या गिरणीत डब्यावर नाव टाकायची कुणाला कधी गरज पडली नाही. वैनींनी झाकण काढायचं, चिमूटभर दाणे तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे आणि सांगून मोकळं व्हायचं, "ह्यो ओढ्याकडच्या रानातला शाळू. ऊन दावा ह्येला, किडा लागाय बघतोय." शाळू म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. आमच्या घरादाराचं जेवण त्याच्यावर. एकदा मी मुद्दाम कराडच्या दुकानातून पाच किलो आणली आणि गावातलीच आहे म्हणून डबा पुढे सरकवला. वैनींनी दाणे हातात घेतले, माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागल्या. "भाऊ, माझी परीक्षा घेताय व्हय? ह्येला तर पालिश हाय."

मी सुमंत. मूळचा कराडचा, पण चौदा वर्षं झाली, आटपाडीच्या पुढं बारा किलोमीटरवर ह्या गावात माझं बी-बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान आहे. दुकान आणि गिरणी समोरासमोर. माझा स्वभाव तापट. गिऱ्हाइकाशी माझं वाजलं की समोरून आवाज यायचा, "भाऊ, पट्टा लय तानू नका, तुटंल." लोक हसायचे आणि माझा राग जागच्या जागी निवायचा. ह्या बाईंबद्दल मला जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसणार नाही. तरीही सांगतो, कारण गावात आता त्या दिवसाची गोष्ट वेगळीच सांगतात आणि त्यातून माझं नाव अलगद गळालं आहे.

वैनींचं माहेर कडेगावकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. तिथून त्या आमच्या कोरड्या मुलखात धनगराच्या घरी नांदायला आल्या. नवरा नानासो मेंढरं घेऊन सहा-सात महिने बाहेर. पहिली काही वर्षं वैनीही कळपामागं हिंडल्या, दोन लेकरं आणि संसार घोड्यावर टाकून. मग एका वर्षी त्यांनी सांगितलं की आता पुरे, मी गावात राहणार. वीस मेंढरं विकून गिरणी घातली. बाई माणूस दगडाला टाकी कशी लावणार म्हणून गाव हसलं. दगड गुळगुळीत झाला की तो उचलून, उताणा करून छिन्नीनं पुन्हा खरबरीत करावा लागतो, ते गडीमाणसाचं काम समजतात. वैनी ते एका पाथरवटाकडून शिकल्या. छिन्नीचे वण अजून त्यांच्या डाव्या हातावर आहेत. एकोणीस वर्षं झाली, भुवयांवर कायम पीठ बसलेलं.

त्यांच्या गिरणीचा एकच कडक नियम होता. शाळूवर शाळू, गव्हावर गहू. एक दळण संपलं तरी थोडं पीठ दगडात आणि खालच्या कापडी नळीत राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून गहू घेऊन आलेली बाई बाजरीनंतर कधी डबा लावायची नाही, ताटकळत बसायची. एरवी हे राहिलेलं पीठ मूठभर असतं. दाणा ओलसर असला तर मात्र पीठ चिकटतं आणि पुढच्या दोन-तीन डब्यांत थोडं थोडं सुटत जातं. हे गावातल्या शाळकरी पोरीलाही माहीत आहे. त्याचं कधी कुणाला भय वाटलं नव्हतं.

ते नवरात्राचे दिवस होते. शाळवाच्या पेरण्या नुकत्याच उरकल्या होत्या. नानासो त्या वर्षी पावसाच्या ओढीमुळं लवकरच कळप घेऊन कराडच्या अंगाला उतरला होता. थ्री-फेज लाइट सकाळी आठला येऊन बाराला जायची, त्यामुळं सकाळी गिरणीपुढं डब्यांची ही रांग. वैनी त्या वेळेत पाणी प्यायलाही उठायच्या नाहीत. आणि साडेअकरा वाजता लाइट असतानाच गिरणी थांबल्याचा आवाज आला. मी मान वर केली तर वैनी रस्ता ओलांडून माझ्याकडंच येत होत्या.

त्यांनी पदरात काहीतरी धरलं होतं. माझ्या काउंटरवर त्यांनी ते ठेवलं. चिमणी होती. उताणी पडलेली, पाय आखडत होते, सुटत होते, पुन्हा आखडत होते.

"तीन मेल्याती," वैनी म्हणाल्या. "ही चवथी. सांडल्यालं दानं टिपत हुत्या."

मग त्यांनी दुसरी मूठ उघडली. दहा-बारा दाणे. मी चष्मा लावून दाणा उजेडाकडं धरला. वरून पांढराच होता. पण दाण्याच्या खाचेत, अगदी बारीक, गुलाबी रेघ होती.

मला त्या रंगाची ओळख सांगायला नको. तो मीच विकतो. पेरणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून कीटकनाशक चोळतात आणि ते कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्यात भडक रंग घालतात. पिशवीवर कवटी असते, खाली लाल अक्षरात लिहिलेलं असतं की माणसांनी किंवा जनावरांनी खाऊ नये.  मी स्टुलावर बसलो.

"कुणाचा डबा?"

"तानुआत्तीचा. शाळवाचा पयला."

तानुबाई म्हणजे नानासोची सख्खी आत्या, पंच्याहत्तरीची, मळ्यात एकटी राहणारी. वैनी हळू आवाजात बोलत होत्या. "हाताला ओलसर लागला. म्या म्हनलं, आत्ती, धुतला व्हय? तर म्हनल्या, लय धूळ हुती. लाइट जायाची घाई, आन मोठं माणूस. टाकला वर. हाताला कळलं हुतं भाऊ, पर डोळ्यानं बघितलंच न्हाई."

मी तानुबाईंना फोन लावला आणि वैनींच्या हातात दिला. पलीकडून आवाज मोठ्यानं येत होता, मला सगळं ऐकू आलं. पेरून दोनेक किलो बियाणं उरलं होतं. त्यांनी ते तीन पाण्यांनी धुतलं, रंग निघाला, दोन दिवस माळवदावर वाळवलं, तरी पुरतं वाळलं नाही, मग घरच्या आठ किलोत मिसळून आणलं. "दाना हाय गं बाय त्यो. उकिरड्यावर टाकू व्हय?"

"तुमी खाल्ला का?"

"माझं नवरात न्हाई का. दसऱ्याला निवदाला काढीन म्हनलं."

"त्या पिठाला हात लावू नगा. कोंबड्यास्नी बी घालू नगा."

"आगं पर..."

"आत्ती, हात लावू नगा!"

वैनींनी मोठ्या माणसावर आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्या फोन ठेवत होत्या आणि मी दुसऱ्याच गोष्टीनं गारठलो होतो. तानुबाईंनी ते बियाणं माझ्याकडून नेलं होतं. चार किलो. अख्खी पिशवी त्यांना नको होती, म्हणून मी पिशवी फोडून साध्या कॅरीबॅगमध्ये सुटं मोजून दिलं होतं. असं विकायचं नसतं, मला चांगलं ठाऊक आहे. कवटी आणि लाल अक्षरं माझ्या दुकानातच राहिली. तोंडी मी सगळ्यांना बजावतो. त्यांना बजावलं होतं का? त्या दिवशी दुकानात गर्दी होती, एकाशी माझं भांडण चाललं होतं. मी आठवून आठवून बघितलं. आजही मला ते आठवत नाही.

"तानुआत्तीच्या मागं कुणाचे डबे लागले?" मी विचारलं.

"शाळूचं तीन. स्वप्नाली, मग जोतिबा, मग धोंडुबाई. नंतर म्या सांडल्यालं झाडाय वाकले आन ह्या दिसल्या." वैनी दाराकडं निघाल्या आणि थांबल्या. "भाऊ, चिकटल्यालं पीठ आधी पडतं. म्हंजे डब्याच्या तळाला. पर बाया घरी गेल्या की डबा घरच्या डब्यात उलटा करत्याती. हितं तळाला हाय ते तितं वर येतं. दुपारची भाकरी त्याचीच."

पावणेबारा वाजले होते.

मी जे बोललो ते आता जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "वैनी, विष म्हणू नका. दगडाची कच पिठात आली म्हणा. टाकी लावली होती, कच पडली, पीठ परत द्या, दुसरं देते. लोक निमूट देतील. विष म्हटलं तर गावात एकच कल्लोळ होईल आणि तुमची गिरणी कायमची बसेल." शेवटचं वाक्य मी त्यांच्या काळजीपोटी बोललो असं मला त्या क्षणी वाटलंसुद्धा. खरं म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं माझा परवाना होता.

वैनींनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. चौदा वर्षांत ह्या बाईंनी माझं कधी काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाल्या, "बरं."

मोटारसायकलवर दोन मिनिटांत स्वप्नालीच्या दारात पोचलो. स्वप्नाली पंचविशीची, तिचा नवरा बिरदेव पिकअप चालवतो, अपेक्षा नावाची अडीच वर्षांची मुलगी. स्वप्नाली हात झाडत बाहेर आली. वैनींनी कचेचं सांगितलं. सांगताना त्या खाली बघत होत्या.

"अगंबया! बरं झालं सांगितलं वैनी. आमच्या अपीचं दात आत्ताशी आल्याती," असं म्हणून ती आत गेली आणि पिठाचा डबा उचलून घेऊन आली. मीच तो घेतला. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. गाडीवर बसताना मला चक्क हलकं वाटत होतं.

जोतिबा मिलिटरीतून रिटायर झालेला, एकटा राहणारा माणूस. तो ओट्यावर पेपर वाचत होता. कच म्हटल्यावर त्यानं हातानंच उडवून लावलं.

"एवढ्यासाठी भरउन्हात पळताय? अरे, चाळून घेतो की. लडाखला रेती के साथ रोटी खाल्लीय आम्ही. बारीक चाळणी हाय माझ्याकडं. पीठ परत न्यायची काय गरज न्हाई."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वैनींनी माझा दंड धरला. 

"भाऊ," त्या म्हणाल्या, "स्वप्नालीचं हात."

"काय हातांचं?"

"ती हात झाडत आली. पीठ हुतं हाताला. परातीत आधीच काढलं हुतं तिनं. डब्यातलं दिलं. परातीतलं ती चाळून घील."

कच असती तर कुणीही शहाण्या बाईनं हेच केलं असतं. चार भाकरींचं पीठ कोण फेकून देतं? माझ्या खोटेपणानंच तिला सांगितलं होतं की चाळणीत सगळं निघेल.

वैनी जोतिबाकडं वळल्या. "दादा, कच न्हाई. पिठात ईख हाय. बियाण्याचा शाळू दळलाय. डब्याला हात लावू नगा." जोतिबानं पेपर खाली ठेवला आणि तो उभाच राहिला. त्याचा डबा तिथंच सोडून आम्ही पळालो.

गाडीला किक मारली, सुरू होईना. दुसरी मारली. तिसरी. किक पायाखालून निसटत होती. वैनी मागं बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "बिरोबा, तव्यावर नसू दे. बिरोबा, तव्यावर नसू दे." चौथ्या किकला गाडी लागली. तो रस्ता अर्ध्या किलोमीटरचाही नाही. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो आणि पुन्हा कधी तसा घाबरू नये.

स्वप्नाली चुलीपुढं बसली होती. तव्यावर भाकरी फुगली होती, टोपलीत दोन झालेल्या. तिचा स्वतःचा उपास, भाकऱ्या नवऱ्याच्या आणि लेकीच्या. बाजूला बारीक चाळणी पडलेली. आणि उंबऱ्यावर अपेक्षा ताटली मांडीवर घेऊन बसली होती. दुधात कुस्करलेली भाकरी. हनुवटीवरून दूध ओघळत होतं.

वैनींनी ताटली हिसकावली, पोरीच्या तोंडात बोट घालून घास काढला. पोरगी किंचाळायला लागली. स्वप्नाली उठली, "काय झालं? वैनी, काय झालं?"

आणि तेव्हासुद्धा माझ्या तोंडातून आलं, "कच..."

"गप बसा भाऊ!" वैनी माझ्यावर ओरडल्या. मग स्वप्नालीचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "पोरी, पिठात ईख हाय. बियाण्याचा शाळू माझ्या गिरणीत दळला गेलाय. मगाशी म्या खोटं बोलले. किती घास खाल्लं हिनं? नीट सांग."

"चार... पाच घास." स्वप्नालीनं पोरीला उचलून छातीशी धरलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मगाशी का न्हाई सांगितलं वैनी? मगाशी सांगितलं असतं तर म्या परात बी दिली असती."

वैनी देवळाकडं पळत सुटल्या. मी बिरदेवला फोन लावला.

बिरदेव पिकअप घेऊन स्टँडवर होता, फोनवर पाच मिनिटांत आला. मी दुकानात धावलो आणि कोपऱ्यातली ती फोडलेली पिशवी घेऊन आलो. डॉक्टरांना रसायनाचं नाव लागणार, एवढं तरी माझ्या डोक्यात आलं. पिकअप वळत होती तेवढ्यात देवळाचा भोंगा खरखरला. वैनी देवळात पोचल्या होत्या.

"ऐका. मी मंगल बोलतीया. आज सकाळी माझ्या गिरणीत ईख लावल्यालं बियाणं दळलं गेलंय. आज शाळू दळून न्हेल्याला एकबी डबा वापरू नगा. चाळू नगा. गुरास्नी, कुत्र्यास्नी घालू नगा. ज्यांनी खाल्लं आसंल त्यांनी लगीच दवाखान्यात जावा. चूक माझ्या गिरणीची हाय. धोंडुबाई, तुमी ऐकताय का? भाकरी तव्यावरनं काढा."

तीन वेळा त्यांनी हे सांगितलं. तानुबाईचं नाव घेतलं नाही. माझंही घेतलं नाही. पिकअप गावाबाहेर गेली तरी आवाज येत होता.

आटपाडीपर्यंत वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं कशी सांगू? अपेक्षा ओकली, एकदा, मग पुन्हा. नंतर तिचे डोळे मिटायला लागले. ती रोज दुपारी ह्याच वेळेला झोपायची, स्वप्नाली म्हणत होती. म्हणजे ही रोजची झोप आहे की दुसरं काही, हे कुणाला कळणार? स्वप्नाली तिला हलवायची, गाल ओढायची, दंडाला चिमटे काढायची. पोरगी रडली की आम्हाला बरं वाटायचं. रडणं थांबलं की मी तिचा श्वास बघायचो. "अपे, रड गं," स्वप्नाली म्हणायची, "रड माझे बाय." बिरदेव समोर बघून गाडी हाणत होता. त्यानं आरशातून एकदाही मागं बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीवरचं नाव वाचलं, किती खाल्लं विचारलं, नाडी बघितली, लगेच सलाईन लावलं. मग पिशवी हातात धरून विचारलं, "बियाणं सुटं कुणी विकलं होतं?"

बिरदेवनं माझ्याकडं बघितलं.

"मी," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं ते पहिलं खरं वाक्य.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पोरीचं वजन केवढं आणि तिच्या पोटात किती गेलं असेल ह्याचा हिशेब करत होत्या. बिरदेवनं मला मारलं असतं तर मी हात वर केला नसता. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. पाच वाजता अपेक्षानं डोळे उघडले आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईकडं बोट दाखवून बिस्कीट मागितलं. तेव्हा तो उठून बाहेर गेला. भिंतीपलीकडून त्याच्या रडण्याचा आवाज आला. एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी मुलीला घरी सोडलं. भाकरीत विष थोडंच उतरलं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तेही वेळेवर ओकून गेलं. अजून पंधरा मिनिटं गेली असती तर सबंध भाकरी पोटात असती, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

धोंडुबाईनं भोंगा ऐकून तव्यावरची भाकरी चुलीत टाकली होती. जोतिबा स्वतः डबा घेऊन गिरणीत आला. तानुबाई मळ्यातून दोन किलोमीटर डोक्यावर डबा घेऊन चालत आल्या, नवरात्राच्या उपाशी, आणि गिरणीच्या पायरीवर बसून राहिल्या. "म्या लेकरू मारलं असतं गं," एवढंच म्हणत होत्या. वैनींनी त्यांना पाणी दिलं. म्हणाल्या, "आत्ती, तुमाला कुणी सांगितलंच न्हाई, तर तुमी काय करनार?" मी तेव्हा तिथंच उभा होतो. वैनी माझ्याकडं बघून बोलल्या नाहीत, तरी ते मला लागायचं तिथं लागलं.

सगळं पीठ, मेलेल्या चिमण्या, उरलेले दाणे, गावाबाहेर कुणाचं जनावर जाणार नाही अशा ठिकाणी खोल खड्डा खणून पुरलं. दसरा आला नि गेला, आम्हाला कळलंसुद्धा नाही. तीन दिवस वैनी आणि मी गिरणी खोलून बसलो होतो. वरची पत्र्याची पेटी धुतली, कापडी नळी जाळून नवी शिवली, दगड उचलून उताणे केले. वैनींनी दोन्ही दगडांवर पुन्हा टाकी लावली, जुना थर सगळा काढून टाकला, मी ब्रशनं खाचा घासल्या. मग घरचा दहा किलो शाळू दळला आणि ते पीठही खड्ड्यात टाकलं. पुन्हा दळला, पुन्हा टाकला. सुटं बियाणं विकणं मी बंद केलं आणि कृषी खात्याच्या साहेबांना जाऊन झालेलं सांगितलं. दोन महिने दुकान बंद ठेवायची नोटीस आली. हे सांगण्यात मोठेपणा नाही, मूल वाचलं म्हणून एवढ्यावर भागलं.

गिरणी मात्र खरंच बसली. कुणी वाईट बोललं नाही. भोंग्यावरनं स्वतःचं नाव घेऊन सांगणारी बाई म्हणून उलट लोक मान द्यायला लागले. रस्त्यात थांबून बोलायचे, चहाला बोलवायचे. पण डबे शेजारच्या गावाला जायचे. सकाळी मोटारसायकलींच्या मागं बांधलेले डबे गिरणीवरूनच पुढं जायचे. वैनी आठला लाइट आली की गिरणी उघडायच्या, बाराला बंद करायच्या. मधले चार तास दारात बसून राहायच्या. रोज घरचा मूठभर शाळू दळायच्या, तिथंच स्टोव्हवर भाकरी करायच्या आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून खायच्या. जाणारी बाई हसून मान हलवायची आणि पुढं जायची. स्वप्नाली तर रस्ता बदलून जायची. मला एकदा वाटलं, त्या दुपारी भोंग्यावर कच म्हणाल्या असत्या तर? मग माझीच मला शरम वाटली. पण वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

गिरणी पुन्हा उघडल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, या जेवाय." दारात दोन ताटं मांडली होती. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. समोरच्या कट्ट्यावर चार बाया बसल्या होत्या, त्यांचं लक्ष आमच्याकडंच होतं. मी बसलो. भाकरीचा तुकडा मोडला.

ह्या गिरणीची खाच न् खाच मी स्वतः घासली होती. कुठला दगड किती वेळा धुतला, किती पीठ फेकलं, मला पाठ होतं. ह्या भाकरीत काही नाही हे गावात सगळ्यांत जास्त मला माहीत होतं. तरी माझा हात तोंडाकडं जायच्या आधी उजेडाकडं गेला. तुकडा मी वळवून बघितला. गुलाबी काही आहे का. क्षणभरच.

वैनींच्या नजरेतून ते सुटलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आपल्या ताटातला कांदा फोडत शांतपणे म्हणाल्या, "तुमी सोता दगूड घासलाय भाऊ. तरी बघितलंच. मग स्वप्नालीनं कवा यावं म्हनता?"

 कट्ट्यावरच्या बायांनीही ते बघितलं होतं. त्यांतली एक उठली, पदर सावरला आणि रिकाम्या हातानं घराकडं गेली. मी तो तुकडा खाल्ला, मग सबंध भाकरी खाल्ली, आणखी एक मागून घेतली. भाकरी चांगली होती. त्या दिवशी झोप लागेपर्यंत मी पोटावर हात ठेवून, आत काही होतंय का ते बघत पडून होतो.